गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे मनश्चित्रण

पायाची हालचाल प्रत्यक्ष करायची आणि तीच मनातल्या मनातही करायची, अशी ही पुनर्वसनाची जोडपद्धत आहे. गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाची पुनर्रचना किंवा गुडघेबदल झाल्यावर नेहमीच्या फिजिओथेरपीला तिची जोड देतात.

तिची गरज पहिल्या एक-दोन दिवसांतच कळते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायला सांगतात. रुग्ण दात-ओठ खातो, श्वास कोंडतो, कंबर उचलतो. पण वाटीच्या वरचा मांडीचा स्नायू ढिम्म हलत नाही. अशा वेळी ‘जोरच लावत नाही’ म्हणून घरच्यांनी रागावणे अन्यायाचे आहे. सांधा सुजला की तिथून मज्जारज्जूकडे जाणारे संदेश बदलतात आणि या स्नायूला, म्हणजे क्वाड्रिसेप्सला, मिळणारी चेतना दबते. स्नायू जागेवर असतो, हुकूम पोचत नाही. गुडघेबदलानंतरच्या पहिल्या महिन्यात त्याची ताकद निम्म्यावर किंवा त्याखालीही येऊ शकते.

हालचालीची नुसती कल्पना केली तरी मेंदूतील ती घडवणारी बरीचशी केंद्रे कामाला लागतात. युए आणि कोल या संशोधकांच्या १९९२ च्या प्रयोगात चार आठवडे करंगळीचा जोर केवळ मनात लावणाऱ्यांची ताकद २२ टक्के वाढली, तर खरा व्यायाम करणाऱ्यांची ३० टक्के. क्युपल आणि ब्रूअर यांनी २००१ मध्ये एसीएल शस्त्रक्रिया झालेल्या ३० जणांवर अभ्यास केला. शिथिलीकरण व मार्गदर्शित कल्पनेची दहा सत्रे घेतलेल्यांमध्ये २४ आठवड्यांनंतर गुडघ्याची ताकद जास्त, तर वेदना आणि पुन्हा दुखापत होण्याची धास्ती कमी आढळली. गट लहान होता, हे मात्र ध्यानात ठेवायला हवे.

स्वतःला सिनेमासारखे लांबून पाहणे इथे पुरत नाही. मांडी आवळल्याचा ताण, टाचेखालची चादर आतून जाणवायला हवी, आणि वेळही खऱ्या हालचालीइतकाच लागायला हवा. अर्थात, नुसत्या कल्पनेने गुडघा वाकत नाही. आखडलेला सांधा प्रत्यक्षच वाकवावा लागतो.

जिन्याची भीती घालवायला ही पद्धत विशेष उपयोगी वाटते. पलंगावर बसूनच उजळणी करायची: कठड्यावर हात, चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. मग पहिल्या पायरीशी उभे राहिल्यावर कुठला पाय आधी, हे आठवत बसावे लागत नाही.