.३१५ की .३०-०६: खानापूर पट्ट्यातल्या रायफलीच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडे किंवा नागरगाळीच्या बाजूला भात पोटरीला आलं की नव्या रायफलीचा विषय निघतोच. रानडुकरांचा कळप दिसतो तो पार पलीकडच्या बांधावर, दोन-तीनशे मीटरवर. घरातली बारा बोअर एलजीच्या, म्हणजे मोठ्या छऱ्याच्या, काडतुसानंही पन्नासेक पावलांपलीकडे भरवशाची नाही. मग .३१५ घ्यावी की .३०-०६ (पहिला आकडा नळीच्या आतल्या मापाचा, म्हणजे बोअरचा, इंचांत), यावर वाद रंगतो. पण निवड या दोन मापांतच का अडकली, हे त्या वादात कुणी विचारत नाही.

इंग्रजी अमदानीबद्दल फार लांबण नको. १८७८ च्या कायद्यानं परवाना आला. गावात ठासणीची बंदूक, साहेबाकडं आणि संस्थानिकाकडं रायफल, अशी वाटणी झाली. आजच्या प्रश्नाचं मूळ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आहे. .४५० बोअरच्या शिकारी रायफली तेव्हा हिंदुस्थानात बंद झाल्या, कारण त्यांचा दारूगोळा जुन्या फौजी मार्टिनी-हेन्री बंदुकांच्या कामी येईल ही सरकारला धास्ती. विलायतेतल्या कारागिरांनी .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापं काढून वाट शोधली. .३०३ फौजेची, म्हणून तीही खासगी हातात नको. त्याच धोरणाच्या सावलीत .३१५ रुजली: बांधणी ली-एनफिल्डची, काडतूस ऑस्ट्रियाच्या ८ मिमी मानलिखरचं. गोळी जड, वेग बेताचा. झाडीत जवळून डुक्कर जागेवर बसवते, पण दीडशे मीटरपुढं झपाट्यानं खाली येते.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आणि १९६२ चे नियम आले. तोवर बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं होतं, पण शस्त्रांचा कायदा केंद्राचा, त्यामुळं सीमेच्या अलीकडं-पलीकडं नियम एकच राहिला. या नियमांनी प्रतिबंधित बोअरची, म्हणजे सर्वसाधारण परवान्यावर न मिळणाऱ्या मापांची, जी व्याख्या केली तिथं सगळा गुंता आहे. .३०३ किंवा ७.६२ मिमी बोअरची, अथवा त्या मापाचं लष्करी काडतूस घेऊन झाडू शकणारी रायफल प्रतिबंधित. आता .३०-०६ ची नळी मोजली तर तीही ७.६२ मिमीच भरते. तरी ती सर्वसाधारण परवान्यावर मिळते, सरकारी कारखानाच ती बनवून विकतो. .३०८ मात्र मिळत नाही. फरक काडतुसाच्या कवचाच्या लांबीचा: .३०-०६ चं कवच ६३ मिमी, लष्करी काडतुसाचं ५१ मिमी. .३०८ हे बाह्य मापात जवळजवळ लष्करी काडतूसच, म्हणून ते बाद. ताकदीचा इथं संबंध नाही. उलट १९०६ सालची .३०-०६ ही .३०८ पेक्षा थोडी जोरकसच. १८० ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास वेगानं सुटते. नेम २०० मीटरला बसवला तर ३०० वर साधारण वीतभर खाली लागते. फौजेचा दारूगोळा बाहेर जाऊ नये हा हेतू समजण्यासारखा आहे. पण ही रेघ म्हणजे जनतेच्या सुरक्षेची मोजपट्टी, असं जे सांगितलं जातं ते मला पटत नाही. जी रायफल चालते तीही तितकीच लांब मारते.

परदेशी मालाची वाट ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सर्वसाधारण परवानाधारकाला बंद झाली. तेव्हापासून जुन्या ब्रनो नि मानलिखर रायफली हातोहात फिरतात, अवाच्या सवा किमतीला.

शेतकऱ्याला अधिक जाचणारं शस्त्र कायद्याचं कलम १३. पीकराखणीसाठी कायदा ठासणीची बंदूक सांगतो, आणि ती पुरी पडत नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची. आटे पाडलेली रायफल त्यात बसतच नाही. तिच्यासाठी वेगळं सबळ कारण द्यावं लागतं. हौसेची शिकार तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आवळली आणि १९९१ च्या दुरुस्तीपासून बंदच. पिकाची नासधूस करणारं जनावर मारायला वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली लेखी परवानगी लागते आणि मेलेलं डुक्कर सरकारजमा होतं. २०११ मध्ये भीमगड अभयारण्य झालं. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आतल्या परवानाधारकानं वन्यजीव अधिकाऱ्याकडं नोंद करायची, आणि नवा परवाना त्या अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय नाही, असा कायदा. हेमाडगा, तळेवाडी, गवळी या गावांना हे थेट लागू. याच कर्नाटकात कोडगूतल्या कोडवांना आणि तिथल्या जम्मा या वंशपरंपरागत जमिनीच्या धारकांना २०२९ पर्यंत परवान्याचीच माफी आहे. आपल्या जंगलपट्ट्याची व्यथा तिथून पाहिली की जास्तच टोचते.

२०१९ च्या दुरुस्तीनं एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवली. जुन्या घरांत ठासणीची, बारा बोअर आणि आजोबांची .३१५ अशी तिन्ही होती. माझ्या माहितीतल्या बहुतेकांनी ठासणीची दिली. आता .३०-०६ आणायची तर उरलेल्या दोनांतली एक काढावी लागते. .३१५ काढली तर वाडवडिलांची वस्तू जाते. बारा बोअर काढली तर पीकराखणीच्या नावावर चालणारी घरातली एकुलती बंदूक जाते, आणि हातात उरतात दोन रायफली, ज्या त्या कारणासाठी कायदा मान्यच करत नाही.