योक्नियाम : तोफांच्या कारखान्यापासून एनव्हिडियापर्यंत

चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने 2019 मध्ये योक्नियामची मेलानॉक्स ही कंपनी 6.9 अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, तेव्हा या गावाचं नाव बाहेरच्या जगाने पहिल्यांदा नीट ऐकलं. इस्रायलमधल्या हैफा शहराच्या आग्नेयेला, जेमतेम वीस-पंचवीस हजार वस्तीचं हे गाव. 1950 मध्ये इथे निर्वासित ज्यूंसाठी तात्पुरती छावणी उभी राहिली आणि तिचंच पुढे शहर झालं.

रोजगार म्हणजे मुख्यतः सोल्टाम. एकाच कंपनीत उखळी तोफाही बनत आणि स्वयंपाकाची भांडीही! (भारतीय लष्कराच्या 130 मिमी तोफा 155 मिमीच्या करून देण्याचं काम पुढे याच कंपनीला मिळालं होतं.) 1980च्या दशकाअखेर संरक्षण उद्योगाला उतरती कळा लागली, सोल्टाममध्ये कामगारकपात झाली आणि गावाचं कंबरडंच मोडलं.

1989 मध्ये सायमन अल्फासी महापौर झाले आणि तीन दशकांहून अधिक काळ राहिले. इथून पुढची गोष्ट सहसा हुशार तरुण आणि त्यांच्या स्टार्टअपची म्हणून सांगितली जाते. माझ्या मते खरी किल्ली करात आहे. सरकारने योक्नियामला ‘अ’ दर्जाचं विकास क्षेत्र ठरवलं, म्हणजे अनुदान आणि करसवलत. आजही इस्रायलमध्ये कंपनीकर 23 टक्के आहे, पण अशा क्षेत्रातल्या पात्र उद्योगाला 7.5 टक्केच पडतो. त्यात हैफाची टेक्नियॉन ही अभियांत्रिकी शिक्षणाची संस्था आणि राफाएलसारखी संरक्षण कंपनी हाकेच्या अंतरावर. सवलत असलेली गावं इस्रायलमध्ये बरीच आहेत, पण इंजिनिअरला घर न बदलता रोज जाऊन-येऊन नोकरी करता येईल अशी थोडी.

योक्नियामची गिव्हन इमेजिंग ही कंपनी या जवळिकीचं चांगलं उदाहरण. राफाएलमध्ये क्षेपणास्त्रांच्या कॅमेऱ्यांवर काम केलेल्या गॅव्रिएल इड्डान यांनी गिळता येईल असा कॅमेरा बनवला. लांबी 26 मिमी, जाडी 11 मिमी. आतड्यातून सरकताना सेकंदाला दोन फोटो. 2001 मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. मेलानॉक्सची सुरुवात 1999ची. हजारो प्रोसेसर एकमेकांना वेगाने जोडणारी तिची उपकरणं एआयच्या लाटेत सोन्याच्या मोलाची ठरली.

फायदा मात्र सरळसोट वाटला गेलेला नाही. बरेच इंजिनिअर सकाळी बाहेरून गाड्या घेऊन येतात आणि संध्याकाळी परत जातात. नगरपालिकेला त्याने फरक पडत नाही. इस्रायलमध्ये ‘आर्नोना’ हा स्थानिक मालमत्ता कर घरांपेक्षा कार्यालयांना कितीतरी जास्त असतो, आणि तो योक्नियामच्याच तिजोरीत जमा होतो.