गिझरमध्ये बसतं ते मीठ नव्हे

गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले, बारा माणसांच्या आंघोळी सुरू झाल्या आणि दुसऱ्याच सकाळी गिझरने मान टाकली. वायरमनने कॉइल बाहेर काढली. करंगळीएवढी नळी अंगठ्याहून जाड झालेली, वर पांढरट पापुद्रे. “खाऱ्या पाण्याचं मीठ बसलंय,” तो म्हणाला. आमची विहीर समुद्राच्या पुळणीपासून हाकेच्या अंतरावर, मे महिन्यात पाणी मचूळ लागतं. घरात सगळ्यांना पटलं.

मला पटेना. 100 मिलिलिटर साध्या पाण्यात सुमारे 36 ग्रॅम मीठ विरघळतं, उकळत्या पाण्यात 39. मग गरम गिझरमध्ये ते खाली बसेलच कशाला? एक पापुद्रा बशीत घेऊन वर लिंबू पिळलं. फसफसून आलं. मिठावर लिंबू पिळून असं होत नाही.

तो थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे तिसऱ्या-शिंपल्यांची कवचं ज्याची बनतात त्याचाच. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना मुळांच्या श्वसनातून आणि कुजणाऱ्या पाल्यातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड पितं आणि किंचित आंबट होतं. हे आंबट पाणी वाळूतला शिंपल्यांचा चुरा विरघळवतं. त्यातून होणारं कॅल्शियम बायकार्बोनेट पाण्यात टिकतं, पण पाण्यात तो वायू आहे तोवरच. पाणी तापलं की वायू निघून जातो, बायकार्बोनेट मोडतं आणि शिंपल्याचा पुन्हा शिंपला होतो. त्यात कॅल्शियम कार्बोनेटची खोड साखरेच्या उलट: पाणी जितकं गरम, तितकं ते कमी विरघळतं. गिझरमध्ये सर्वांत गरम जागा कॉइलच्या पृष्ठभागाची, म्हणून पहिला कण तिथेच धरतो आणि पुढचे त्याच्या अंगावर वाढत जातात.

वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जांभ्या दगडात चुन्याचा अंश फारसा नसतो. तिथल्या विहिरीच्या पाण्यात साबणाला भसाभस फेस येतो आणि गिझर वर्षानुवर्षं कुरकुरत नाही. गाव एकच, पाणी दोन जातींचं.

थरामुळे वीजबिल दुप्पट होतं, असं छातीठोकपणे सांगतात. कॉइल पाण्यातच बुडालेली असल्याने तिची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. बिलात फार फरक पडत नाही. मरते ती कॉइल. तांब्याच्या मानाने हा थर शेकडो पटींनी कमी उष्णता वाहतो, म्हणून ती आतल्या आत तापून फुटते. लाकडाच्या बंबाचं मात्र वेगळं: तिथे अडलेली उष्णता धुराड्यातून निघून जाते आणि सरपण खरंच जास्त लागतं.

टाकीत तुरटी फिरवून पाणी ‘हलकं’ होत नाही, तिने फक्त गढूळपणा बसतो. पाइपला चिकटवायच्या लोहचुंबकावर मी पैसे घालणार नाही.

त्यापेक्षा तापमान 60 अंशांच्या वर नेऊ नका. वर्षातून एकदा मेन स्विच बंद करून, पाणी निवू देऊन वायरमनकडून टाकी रिकामी करून घ्या आणि कॉइल सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात बुडवा. संडास धुवायचं ॲसिड नको, ते थराबरोबर धातूही खातं. आत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, तोही बघा. टाकीच्या पोलादाऐवजी गंजायचं काम त्याचं, आणि मचूळ पाण्यात तो लवकर झिजतो. आमच्या गिझरमध्ये त्याची नुसती तार उरली होती आणि वायरमन तीच परत बसवत होता.