यंत्रबिघाडाचे स्वरूप

यंत्र किंवा त्याचा एखादा भाग अपेक्षित काम करेनासा होणे म्हणजे बिघाड. तो कोणत्या रूपात दिसतो, कशामुळे होतो आणि वापराच्या काळाशी त्याचा काय संबंध असतो, हा विश्वसनीयता अभियांत्रिकीचा व देखभालशास्त्राचा अभ्यासविषय आहे. यंत्र जुने झाले की बिघडते, हा समज अर्धाच खरा आहे. युनायटेड एअरलाइन्स या अमेरिकी विमान कंपनीतील स्टॅन्ली नोलन व हॉवर्ड हीप यांच्या १९७८ च्या अहवालानुसार विमानाच्या सुट्या भागांपैकी सुमारे ११ टक्केच भाग वयोमानाने निकामी होत होते. ६८ टक्के भागांत बिघाडाचा धोका बसवल्यावर लगेच सर्वाधिक असून पुढे तो जवळपास स्थिर राहत होता. हे आकडे विमानांचे असल्याने इतर यंत्रांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

विदर्भातील जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांत, हा भेद स्पष्ट दिसतो. चामड्याचा रोलर कपाशीशी घासून हळूहळू झिजतो, त्यामुळे चालवलेल्या तासांवरून तो बदलणे योग्य ठरते. फिरत्या दांड्याला आधार देणारे बेअरिंग मात्र ग्रीसमध्ये रूईची धूळ शिरल्याने किंवा चुकीच्या बसवणीमुळे केव्हाही जाऊ शकते, आणि तापलेल्या बेअरिंगजवळ रूई असल्यास आगीचा धोकाही असतो.

वरूड-मोर्शी भागातील संत्राबागांच्या पंपांबाबत ‘मोटर जळली’ एवढीच नोंद होते. तो परिणाम असतो, कारण नव्हे. वाइंडिंग (मोटरीतील तारांची गुंडाळी) उघडल्यावर तिन्ही फेजची, म्हणजे विजेच्या तिन्ही तारांना जोडलेली, वेटोळी सारखीच काळवंडलेली दिसली, तर अतिभार किंवा कमी व्होल्टेजचा संशय घ्यावा. स्टार जोडणीच्या (तिन्ही वेटोळ्यांची एकेक टोके एकत्र जोडलेल्या) मोटरीत दोन फेज जळून तिसरा शाबूत असेल, तर डीपीवरचा (रोहित्राजवळच्या वीजवितरण पेटीतला) एखादा फ्यूज उडून मोटर उरलेल्या दोन फेजवर चालत राहिली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी त्या दोन फेजमधील प्रवाह सुमारे पावणेदोन पट होतो. हे न पाहता मोटर नुसती पुन्हा भरून घेतली, तर नवे वाइंडिंगही त्याच वाटेने जाते.

बिघाडाची पहिली खूण दिसण्यापासून यंत्र बंद पडेपर्यंतचा अवधी पाहणीचा काळ ठरवतो. बेअरिंग आवाज करून व तापून बहुधा काही दिवस आधी सूचना देते, म्हणून ठरावीक दिवसांनी केलेली पाहणी तिथे उपयोगी पडते; फेज गेल्यावर वाइंडिंगला मात्र मिनिटांचाच वेळ मिळतो आणि वीज रात्रीच्या पाळीत असेल, तर पंपाजवळ कोणी नसतेही. तिथे स्टार्टरमधील सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एखादा फेज गेल्यास मोटर आपोआप बंद करणारे साधन, हाच उपाय आहे, जो दोन फेजवरही मोटर चालावी म्हणून अनेकदा बायपास केलेला (वगळून जोडणी केलेला) आढळतो.