सोव्हिएतांचा पॅलेस (मॉस्को)

स्टॅलिनच्या काळात मॉस्कोत जगातली सगळ्यात उंच बिल्डिंग म्हणून बांधायला घेतली आणि पायाच्या थोडं वर येऊन कायमची थांबली ती ही इमारत. उंची ठरलेली 415 मीटर, त्यात वरचा लेनिनचा पुतळाच 100 मीटरचा. तेव्हा पहिला नंबर न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेटचा होता, 381 मीटर, त्याला मागं टाकायचंच होतं. सोलापूरकरांना अंदाज यावा म्हणून सांगतो, विमानांना अडथळा होते म्हणून 2023 ला सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली ती 90 मीटरच्या आसपास होती, म्हणजे नुसता पुतळाच तिच्याहून उंच आणि अख्खी इमारत तसल्या साडेचार चिमण्या एकावर एक ठेवल्यासारखी.

जागा काय मोकळी नव्हती. नेपोलियनला हाकलल्याची आठवण म्हणून बांधलेलं ख्रिस्ताचं मोठं चर्च तिथं होतं, ते पुरं व्हायला 40 वर्षांच्या वर लागलेली. आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी दिली ते 1931 साल, त्याच वर्षी 5 डिसेंबरला हे चर्च सुरुंग लावून उडवलं. नव्या इमारतीचा नकाशासुद्धा तेव्हा पक्का झालेला नव्हता! लोकांच्या श्रद्धेची जागा अशी पाडायला नको होती असंच मला वाटतं.

पुढं बोरिस इओफानचं डिझाइन निवडलं, मोठ्या हॉलमध्ये 21,000 माणसं बसणार होती. 1939 पर्यंत पाया झाला, स्टीलचा सांगाडा वर यायला लागला आणि 1941 ला जर्मनीनं हल्ला केला. मग इथलं स्टील रणगाडे अडवायचे लोखंडी अडसर बनवायला गेलं, 1942 ला उभा सांगाडाही उतरवून रेल्वेच्या पुलांना वापरला, आणि खरं सांगायचं तर त्या स्टीलचं सोनं तिथंच झालं.

युद्धानंतर काम परत सुरू झालंच नाही. राहिलेल्या गोल पायावर 1960 ला उघड्यावरचा गरम पाण्याचा स्विमिंग पूल केला, व्यास 130 मीटरच्या आसपास, बाहेर बर्फ पडतंय आणि लोक वाफेत पोहतायत, आणि ती वाफ शेजारच्या म्युझियममधल्या चित्रांना बाधते अशी तक्रार. तो पूल 1990 च्या दशकात बंद झाला, त्याच जागी चर्च जुन्यासारखं परत बांधलं आणि 2000 ला त्याची प्रतिष्ठापना झाली.

पॅलेससाठी केलेली एक गोष्ट मात्र पुरी झाली, मेट्रो स्टेशन. 1935 ला चालू झालं तेव्हा त्याचं नावच ‘सोव्हिएतांचा पॅलेस’ होतं, संगमरवरी खांब वर जाताना फुलासारखे उमललेले आणि दिवे त्यांच्या डोक्यात लपवलेले, त्यामुळं उजेड छतावरून खाली येतो. बिल्डिंग नसताना 22 वर्षं गाड्या त्या नावानं थांबत होत्या, 1957 ला नाव बदलून क्रोपोत्किन्स्काया केलं. आज त्या स्टेशनातून वर आलं की चर्च दिसतं.