पॅच बसवला, पण चालतोय कोणता?

७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतली (म्हणजे माहिती गुप्त ठेवण्यासाठी अनेक प्रोग्रॅम वापरतात त्या सामायिक कोडमधली) ‘हार्टब्लीड’ नावाची चूक जाहीर झाली आणि त्याच दिवशी दुरुस्त केलेली १.०.१जी आवृत्तीही आली. हा पॅच, म्हणजे ही दुरुस्ती, बसवला की काम झालं, असं वाटणं साहजिक आहे. पण तसं नव्हतं.

आधी चूक समजून घेऊ. जोडणी चालू आहे ना, हे पाहायला एक संगणक दुसऱ्याला छोटा मजकूर पाठवतो, त्याची लांबी सांगतो आणि तोच मजकूर परत मागतो. सांगितलेली लांबी खरी आहे का, हे ओपनएसएसएल तपासतच नव्हतं. एक अक्षर पाठवून ‘हे ६४ हजार आहेत’ म्हटलं, की सर्व्हर उरलेली जागा मेमरीत शेजारी जे असेल त्याने भरून देई. त्यात कुणाचा पासवर्ड असे, कधी खुद्द सर्व्हरची खासगी किल्लीही, म्हणजे ज्यावरून तो आपली ओळख पटवतो ते गुपित. आणि नेहमीच्या लॉगमध्ये याची नोंदही होत नसे.

आता तपासणी. सर्व्हरला आवृत्ती विचारली आणि उत्तर आलं १.०.१ई. हा आकडा तर सदोष आवृत्त्यांपैकी! पण डेबियन ७ या लिनक्स प्रणालीने आकडा तोच ठेवून दुरुस्ती आत घातली होती. तिथे पाहायचं ते पॅकेजच्या आवृत्तीचं शेपूट, ‘डेब७यू५’ किंवा त्यापुढचं.

याच्या उलट प्रकार मला जास्त घातक वाटतो. लिनक्सवर लायब्ररी अपडेट केली की डिस्कवरची जुनी फाइल जाते, पण आधीपासून चालू असलेला वेब सर्व्हर मेमरीतली जुनी प्रतच वापरत राहतो. आवृत्ती विचारली तर उत्तर मात्र नवं मिळतं. अशा वेळी कोणता प्रोग्रॅम कोणती फाइल वापरतोय हे दाखवणारी ‘एलएसओएफ’ कमांड चालवावी. लिबएसएसएलच्या (ओपनएसएसएलच्या लायब्ररी फाइलच्या) ओळीत ‘डीईएल’ दिसलं, तर तो प्रोग्रॅम पुसलेल्या फाइलवर चालतोय. तो रीस्टार्ट करायलाच हवा. मेल सर्व्हर आणि व्हीपीएनसुद्धा. लोक नेमके तेच विसरतात.

काही प्रोग्रॅम तर लायब्ररीची स्वतःची प्रत पोटात घेऊनच येतात. सिस्टिम अपडेट केली तरी त्यांना त्याचा पत्ता नसतो. ते नव्याने बांधूनच घ्यावे लागतात.

हे सगळं झाल्यावर नवी किल्ली, नवं सर्टिफिकेट (सर्व्हरच्या ओळखीचा दाखला), आणि जुनं रद्द. पॅचपूर्वीच किल्ली चोरीला गेली असेल, तर दुरुस्त झालेल्या सर्व्हरचंही सोंग चोराला घेता येतं.