जनुकीय चाचणीवरून खेळाची निवड

गालाच्या आतून स्वॅब घेऊन डीएनए तपासायचा आणि मुलाला वेगाच्या खेळात घालावे की दमसासाच्या, हे त्यावरून ठरवायचे, अशी ही पद्धत. स्नायू, रक्तदाब, दुखापतीची शक्यता यांच्याशी जोडलेली बरीच जनुके या चाचण्यांत तपासली जातात. पण सर्वाधिक गाजलेले जनुक एकच, एसीटीएन-3.

झटक्यात आकुंचन पावणाऱ्या स्नायुतंतूंतील अल्फा-ॲक्टिनिन-3 हे प्रथिन या जनुकामुळे तयार होते. काहींच्या जनुकात 577 व्या जागी अर्जिनिन या अमिनो आम्लाच्या खुणेऐवजी ‘थांबा’ अशी खूण असते. असे जनुक आई-वडील दोघांकडूनही आले, तर हे प्रथिन शरीरात बनतच नाही. त्याने आजार मात्र होत नाही, कारण अल्फा-ॲक्टिनिन-2 हे भावंड त्याचे बरेचसे काम सांभाळून घेते. जगात शंभर कोटींहून अधिक माणसे या प्रथिनावाचून सुखाने चालतात, धावतात.

2003 मध्ये संशोधक कॅथरिन नॉर्थ आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील अव्वल खेळाडूंची तपासणी प्रसिद्ध केली. हे प्रथिन नसलेल्यांचे प्रमाण सर्वसामान्यांत 18 टक्के, दमसासाच्या खेळाडूंत 24 टक्के, तर वेगाच्या व ताकदीच्या खेळाडूंत जेमतेम 6 टक्के निघाले. या शेवटच्या गटातून ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेल्यांत तर एकही नव्हता. बाजाराला एवढे पुरले. लवकरच ऑस्ट्रेलियात चाचणी विक्रीला आली आणि 2008 मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोतील बोल्डर येथे एक कंपनी अगदी लहान मुलांसाठीही ती 149 डॉलरना विकू लागली.

गफलत होते ती आकडे उलटे वाचल्याने. ऑलिंपिकच्या वेगवान धावपटूंत हे प्रथिन जवळपास सर्वांकडे असते, हे खरे. पण 18 टक्क्यांकडे ते नसते म्हणजे उरलेल्या 82 टक्क्यांकडे ते असतेच. म्हणजे दर पाचांपैकी चार मुलांना अहवाल ‘वेग आहे’ असे सांगणार, आणि त्यात वर्गाच्या शर्यतीत नेहमी शेवटून पहिला येणाराही असणार. शिवाय धावण्याच्या वेगात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला या जनुकाचा वाटा दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच आहे. अपवादही आहेत: हे प्रथिन अजिबात नसलेल्या, ऑलिंपिक खेळलेल्या एका स्पॅनिश लांबउडीपटूची नोंद 2007 मध्ये झाली.

मुलाला मैदानावर पळवून घड्याळ लावले तर त्याचा वेग थेट कळतो. महाराष्ट्रात क्रीडाप्रबोधिनीच्या निवडीत 30 मीटर धाव, उभ्याने लांब उडी, मेडिसिन बॉल फेक अशा मैदानी चाचण्याच घेतात. त्यांतही मूल लवकर वयात आले की उशिरा, याने निकाल फिरतो. पण निदान तपासले जाते ते प्रत्यक्ष पळणे.

2015 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये तज्ज्ञांचे एकत्रित निवेदन आले. गुणवत्ताशोधासाठी किंवा सरावाची दिशा ठरवण्यासाठी कोणत्याही मुलाची अशी ग्राहकांना थेट विकली जाणारी जनुकीय चाचणी करू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हा मोह देशांनाही पडतो. या निवेदनाच्या आदल्या वर्षी, 2014 मध्ये, उझबेकिस्तानने होतकरू मुले हेरण्यासाठी जनुकीय तपासणी वापरण्याचा मनसुबा जाहीर केला होता. आरोग्यासाठीची तपासणी ही वेगळी बाब. हृदयाच्या आनुवंशिक विकाराची शंका असेल तर डॉक्टर ती सांगतात आणि ती करणेच शहाणपणाचे.

एकाच जनुकाने खेळाडूला मोठा हात दिल्याचे दुर्मीळ उदाहरण फिनलंडचा स्कीपटू ईरो मॅन्टिरान्टा याचे. तीन सुवर्णांसह सात ऑलिंपिक पदके मिळवलेल्या या माणसाच्या रक्तात लाल पेशी जन्मतःच जास्त होत्या, म्हणजे स्नायूंना प्राणवायूही जास्त मिळे. त्यामागचा जनुकातील बदल सापडला 1990च्या दशकात, तो निवृत्त होऊन कित्येक वर्षे लोटल्यावर. कुटुंबातील 97 जणांची तपासणी झाली, त्यांत 29 जणांत तोच बदल निघाला. ते सगळे काही ऑलिंपिकला गेले नव्हते.